सोसणारी स्प्रिंग

सोशिकपणाचे आपण इतके गोडवे गातो, की सोसण्यालाही काही अंत असावा हे आपल्या ध्यानातच येत नाही. मला ते एका पिस्तुलाने शिकवले. शाळामास्तर आणि पिस्तूल, हे ऐकून वाचकांना हसू येईल! पण माझा एक जुना विद्यार्थी सैन्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होता. निवृत्त होऊन तो गावी आला आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन बसू लागला.

अमेरिकेत जॉन ब्राउनिंगने घडवलेले कोल्ट पिस्तूल १९११ च्या मार्चमध्ये कसोटीला लागले. ६,००० गोळ्या झाडल्या, तरी ते एकदाही अडले नाही. त्याच महिन्यात तिथल्या सैन्याने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत वापरले. त्यातली शेवटची ४० वर्षे तर नवी खरेदी नव्हतीच. जुनीच पिस्तुले दुरुस्त करून चालवली.

“केवढं टिकाऊ पोलाद!” मी म्हणालो.

“पोलादाचं काय घेऊन बसलात, गुरुजी? स्प्रिंग किती वेळा बदलली ते विचारा.”

ही स्प्रिंग नळीच्या खाली असते. गोळी सुटली, की वरचा जड सरकता भाग सपाट्याने मागे येतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. स्प्रिंग दबत दबत त्याचा वेग गिळते, मग त्याला पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवते. काही हजार गोळ्यांनंतर ती थकते, आखूड होते. मोडत नाही, कुरकुरत नाही. पिस्तूल चालूच राहते. फक्त तो भाग आता दरवेळी सांगाड्यावर अधिक जोराने आदळतो. आणि सांगाडा काही स्प्रिंगसारखा चार पैशांत बदलता येत नाही.

“मग आधीच जास्त ताठ घालावी,” मी शहाणपणा केला.

“मग तो भाग पुरता मागे येत नाही, आणि पुढे जाताना जोरात आपटतो. धक्का नाहीसा होत नाही, गुरुजी. जागा बदलतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात तीस वर्षे सगळ्यांचे राग, आजारपणे, ओढगस्त माझ्या थोरल्या वहिनीने गिळली. तिला आम्ही ‘धरित्री’ म्हणत असू. हे म्हटले, की आमचे देणे फिटले! दुसऱ्याच्या सहनशीलतेची स्तुती करणाराला ती सहनशीलता फुकट वापरायची असते, असे मला आता वाटू लागले आहे. आणि ‘आणखी थोडे सोस’ हा उपदेश ताठ स्प्रिंगसारखाच. वहिनीने तो पाळला. धक्के तिच्या मुलींकडे गेले.

“स्प्रिंग थकली हे ओळखायचं कसं?” मी त्याला विचारले होते.

“नुसतं बघून नाही कळत. नवी शेजारी ठेवून मापायची.”

माणसाच्या शेजारी काय ठेवायचे?

परवा वहिनी म्हणाली, “भावोजी, यंदा फराळाचं मला जमायचं नाही.” मी लगेच “बरं” म्हणालो. आणि मग चांगली दहा मिनिटे मनातल्या मनात तिच्यावर चिडून बसलो.