चांगला सुभेदार की हक्क?



धम्मबंधू-भगिनींनो, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखांत ‘क्षत्रप’ हा शब्द येतो. तो मूळचा इराणचा; अर्थ प्रांताचा सुभेदार.

भारतातून परतल्यावर अलेक्झांडरने पर्सिस प्रांतावर प्यूकेस्टस हा मॅसिडोनियन क्षत्रप नेमला. जेत्यांपैकी असूनही तो तिथली भाषा शिकला, तिथला पोशाख घालू लागला. लोकांचा त्याच्यावर जीव जडला. पुढे, इ.स.पू. ३१६ च्या सुमारास, विजयी अँटिगोनसला ही लोकप्रियता खुपली आणि त्याने त्याला पदावरून काढले. थेस्पियस नावाचा इराणी मानकरी स्पष्ट बोलला : लोक दुसऱ्या कुणाचे ऐकणार नाहीत. त्याला ठार करण्यात आले.

मग चांगला अधिकारी लाभला म्हणजे न्याय मिळाला का? नाही. त्याला नेमणारे लोक नव्हते, काढणारेही नव्हते. मर्जीने मिळालेले मर्जी फिरताच जाते. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा याच मुळाशी जातो.

परदेशात आपल्यालाही समजूतदार साहेब भेटतात. त्यांचे आभार जरूर मानू. पण आभार मानून हक्क सोडू नये.

भवतु सब्ब मंगलं.