कल्पित नगरीचा तट आणि तिची रसद

मध्ययुगाच्या धर्तीवर रचलेल्या अद्भुतकथांतील नगरे वाचकापुढे प्रथम उभी राहतात ती आपल्या तटांनी आणि मनोऱ्यांनी, आणि बहुतेक लेखक तेथेच थांबतात. त्या तटाच्या आत किती माणसे राहतात, ती काय खातात, त्यांचे धान्य कोणत्या रस्त्याने येते, वेढा पडण्याचा संभव दिसू लागताच म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना कोठे हलवावयाचे, आणि प्रत्येक बुरुजावर उभी करण्याइतकी शिबंदी दरबारापाशी आहे की नाही, हे प्रश्न ज्याला पडतच नाहीत, त्याने रचलेले नगर कितीही उत्तुंग असले तरी चित्रातलेच राहते आणि त्याला पडणारा वेढाही चित्रातलाच ठरतो. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकथेच्या तिसऱ्या खंडात, म्हणजे १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये, गोंडोर राज्याची मिनस तिरिथ नावाची जी राजधानी येते, तिला मात्र हे प्रश्न निःशंकपणे विचारता येतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे लेखकाने आधीच देऊन ठेवली आहेत असे आढळते. नगराचे बळ त्याच्या पाषाणात नसून भोवतालच्या कसलेल्या जमिनीत आणि ती कसणाऱ्या माणसांत असते, ही गोष्ट या लेखकाला जितकी स्पष्ट दिसली तितकी त्याच्या अनुकरणकर्त्यांपैकी फार थोड्यांना दिसली, असे माझे मत आहे.

प्रथम तटाचाच विचार करू. मिनस तिरिथ डोंगराच्या एका सोंडेवर सात वर्तुळांत चढत गेलेले आहे, प्रत्येक वर्तुळाला स्वतंत्र तट आणि स्वतंत्र दरवाजा आहे, आणि सर्वांत वरचा बालेकिल्ला पायथ्याच्या मैदानापासून सातशे फूट उंच आहे. हे दरवाजे एका रेषेत नाहीत. महाद्वार पूर्वेला, त्यावरचे दुसरे दक्षिणेकडे सरकलेले, तिसरे उत्तरेकडे, अशा क्रमाने रस्ता डावीउजवीकडे वळत चढतो, आणि मध्यरेषा ओलांडताना दर वेळी नगराला दुभंगणाऱ्या प्रचंड कातळाच्या पोटातून, भुयारातून जातो. ज्याने देवगिरीचा किल्ला पाहिला आहे, तेथील एकामागून एक कोट, कातळात खोदलेला खंदक आणि ती काळोखी अंधारी चढून गेला आहे, त्याला या रचनेचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दरवाजा खालचा मारा चुकवून बांधावा, पुढे बुरूज द्यावा आणि येण्याजाण्याचा मार्ग त्या बुरुजाच्या टप्प्यात ठेवावा, असाच उपदेश आहे. शत्रूने एक दरवाजा फोडला म्हणजे त्याला नगर मिळते असे नाही. त्याला मिळतो तो दोन तटांमधला, वरून सर्व बाजूंनी मारा होणारा एक अरुंद रस्ता.

परंतु युद्धासाठी आखलेल्या रस्त्याची किंमत शांततेच्या काळात रयतेला रोज मोजावी लागते, आणि नगररचनेचा विचार करणाऱ्याने ती विसरता कामा नये. सहाव्या वर्तुळात पोहोचणारे प्रत्येक पोते आणि प्रत्येक मोळी हा नागमोडी चढ चढूनच आली असली पाहिजे. टोल्कीनने वस्तीची जी मांडणी केली आहे ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे: दिवे करणाऱ्या कारागिरांच्या नावाची आळी, आपल्या पुण्यातील तांबट आळीची आठवण व्हावी अशी, सर्वांत खालच्या वर्तुळात महाद्वारापासून जवळ आहे आणि जुनी धर्मशाळाही तेथेच, उलट जासुदांच्या घोड्यांच्या पागा आणि रुग्णालय सहाव्या वर्तुळात, दरबाराच्या निकट. तरीही लेखक आपल्या राजधानीला निर्दोष ठरवीत नाही. युद्धानंतर नगरात शिरणारा गिमली हा बुटक्यांच्या जातीचा पाथरवट डोळा असलेला वीर रस्ते अधिक चांगले आखता आले असते असा अभिप्राय देतो, आणि त्याचा वनवासी मित्र लेगोलस येथे बागा हव्यात असे म्हणतो.

आता तटाबाहेर येऊ, कारण खरा विषय तेथे आहे. महाद्वारापुढे पेलेनॉर नावाचे विस्तीर्ण मैदान पसरले आहे, आणि ते ओसाड माळ नव्हे: तेथे नांगरलेली शेते आहेत, फळबागा आहेत, गोठे आणि कोठारे आहेत, आणि डोंगरातून आंदुइन नदीकडे वाहत जाणारे ओढे आहेत. या शेतीभोवती राम्मास एकॉर नावाचा आणखी एक तट घातलेला आहे, म्हणजे गोंडोरच्या राज्यकर्त्यांनी आपल्या धान्यालाही तटबंदी दिली होती. २००३ साली आलेल्या पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटात या सगळ्याचा मागमूस नाही. तेथे शुभ्र नगर एका गवताळ, निर्मनुष्य मैदानाच्या काठावर उभे आहे, आणि इतके हजार लोक रोज काय खात असतील असा प्रश्न प्रेक्षकाला पडू नये अशाच बेताने सारी भव्यता मांडलेली आहे. चित्रपटाचे शिल्पकाम अलौकिक आहे हे मी मनापासून मानतो. परंतु शेते पुसून टाकल्यामुळे युद्धाचा अर्थही निम्मा पुसला गेला, कारण मूळ कथेत शत्रू पेलेनॉरात उतरतो तेव्हा त्या वर्षाच्या आणि येणाऱ्या वर्षांच्या अन्नाला आग लागत असते.

राम्मासची कथा तर सेनापतींनी अभ्यासावी अशी आहे. हा तट तीस मैलांहून लांब आहे आणि त्याचा सर्वांत दूरचा भाग महाद्वारापासून बारा मैलांवर आहे. एवढी लांबी राखावयास जेवढे सैन्य हवे तेवढे गोंडोरपाशी कित्येक पिढ्यांत उरलेले नाही. जादूगार गँडाल्फ येतो तेव्हा तटाची डागडुजी घाईने चालू असते, आणि ती फार उशिरा होत आहे हे तो गवंड्यांना तेथल्या तेथे सांगतो. तरीही राज्याचा कारभारी डेनेथॉर नदीचा उतार आणि बाहेरचा तट लढविल्यावाचून सोडावयाचा नाही असा हट्ट धरतो आणि आपल्या पुत्राला, फारामिरला, त्या कामावर धाडतो. पुत्र मरणोन्मुख होऊन परततो आणि तट स्फोटक अग्नीने फोडला जातो. टोल्कीनने एका पत्रात उत्तरकालीन गोंडोरची तुलना अभिमानी पण क्षीण होत गेलेल्या बायझंटियमशी केली आहे, आणि ही तुलना येथे नेमकी लागू पडते. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या जमिनीकडील तटाची लांबी जेमतेम चार मैल होती, आणि तरीही सुमारे ७००० रक्षकांना आतला व बाहेरचा असे दोन्ही तट एकाच वेळी राखणे अशक्य झाल्यामुळे सम्राटाने सारी माणसे बाहेरच्या तटावर उभी केली. थिओडोसियसच्या काळी बांधलेला तो तट हजार वर्षांनंतरही भक्कम होता. आटली होती ती त्यामागची वस्ती, इतकी की तटाच्या आत मोकळ्या पडलेल्या जागी शेते पिकत होती.

मिनस तिरिथची हीच व्यथा टोल्कीनने वेढा पडण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवली आहे. गँडाल्फबरोबर आलेला त्याचा छोटा सोबती पिपिन प्रथमच नगरातून वर चढतो तेव्हा त्याला जागोजागी थोर घराण्यांचे वाडे दिसतात, पण त्यांच्या दारांत पाऊल वाजत नाही आणि खिडकीत चेहरा दिसत नाही. जेवढी माणसे येथे सुखाने नांदू शकली असती त्यांच्यापैकी निम्मी आता उरलेली नाहीत. पुढे दक्षिणेकडच्या मुलखांतून कुमक येते तेव्हा लोसार्नाखचा वृद्ध सरदार फोरलाँग जेवढी अपेक्षा होती त्याच्या दशांश, म्हणजे दोनशे माणसे घेऊन येतो, आणि सगळ्या मुलखांची मिळून भरती तीन हजारांवर जात नाही. सात तटांच्या नगराला ही शिबंदी किती अपुरी आहे हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांनाही कळते.

आणि ती पोरेसुद्धा थोडीच उरलेली असतात, कारण बायकामुले व वृद्ध यांना गाड्यांत घालून दक्षिणेकडच्या डोंगरखोऱ्यांत हलविण्याचा हुकूम सुटलेला आहे. त्या हुकुमातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: दुपारच्या आत सर्व गाड्या दरवाजाबाहेर पडून तीन मैलांपर्यंतचा रस्ता मोकळा झाला पाहिजे, कारण त्याच रस्त्याने कुमक येणार आहे. ज्याने युद्ध केवळ पोवाड्यांतून ऐकले आहे त्याला ही तजवीज सुचत नाही. टोल्कीन १९१६ साली सोमच्या रणांगणावर लँकशायर फ्युझिलियर्स या पलटणीत संदेशवहनाचा अधिकारी होता, आणि एका रस्त्यावर दोन दिशांची वाहतूक अडकली तर काय अनर्थ होतो, खबर वेळेवर न पोहोचल्याने किती माणसे मरतात, हे त्याने पाहिले असले पाहिजे. गोंडोरच्या डोंगरांवर पेटणाऱ्या इशाऱ्याच्या सात आगट्या आणि दरबारात धावणारे जासूद यांच्यामागे तो अनुभव उभा आहे असे मला वाटते.

रसदीचा हिशेब चुकला तर काय होते याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज दूर होती, रामचंद्ररायाने अभेद्य किल्ल्याचा आश्रय केला, आणि फेरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे, धान्याची म्हणून घाईने वर चढविलेली पोती उघडून पाहिली तो त्यांत मीठ निघाले. किल्ला शाबूत असताना तह करावा लागला. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतील किंग्ज लँडिंग या राजधानीतही सुपीक प्रांताकडून येणारा रस्ता बंद होताच भुकेचा दंगा उसळतो, आणि तटाला चिकटून वाढलेल्या झोपड्या शत्रूला शिडीसारख्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाळाव्या लागतात. ही दृष्टी अस्सल आहे, आणि मार्टिन यांची राजधानी म्हणूनच जिवंत वाटते.

वेढा घालणाऱ्याचेही पोट असते, हेही टोल्कीन विसरलेला नाही. शत्रूच्या मॉर्डॉर राज्याची भूमी राखेची आणि खडकाची, मग तेथील अगणित फौजा जगतात कशावर? लेखक सांगतो की त्या राज्याच्या दक्षिणेस नुर्नेन सरोवराभोवती गुलामांकडून कसून घेतलेली विशाल शेते आहेत आणि मांडलिकांकडून खंडणीच्या गाड्या येतात. म्हणजे हे युद्ध दोन प्रकारच्या शेतीचेही आहे: एकीकडे तट घालून राखलेली पण कसणाऱ्यांवाचून विरळ होत चाललेली, दुसरीकडे चाबकाखाली पिकविलेली. शंभर फुटी ग्रोंड नावाच्या मेंढ्याने महाद्वार फुटते, आणि तरीही नगर वाचते, ते रोहान या मित्रराज्याच्या सहा हजार घोडेस्वारांमुळे आणि नदीवाटे दक्षिणेच्या मुलखांतून आलेल्या कुमकेमुळे, म्हणजे तटाबाहेर टिकून राहिलेल्या माणसांमुळे.

या लेखकाच्या राजनीतीची खरी उंची त्यानंतर दिसते. नवा राजा एलेसार पोलादाचे आणि मिथ्रिल या दुर्मिळ धातूचे महाद्वार बसवितो, रस्ते संगमरवराने मढवितो, झाडे आणि कारंजी आणतो, आणि ओसाड वाडे पुन्हा संसारांनी भरतात; पण त्याच्या पहिल्या निवाड्यांत एक असा आहे की ज्याला विजेत्यांच्या इतिहासात फार थोडे जोड सापडतील. मॉर्डॉरच्या गुलामांना तो मुक्त करतो आणि नुर्नेनभोवतीची सारी जमीन, जी ते आजवर दुसऱ्याच्या फौजेसाठी कसत होते, त्यांच्याच मालकीची करून देतो.