यादीबाहेरची नावे

गेल्या हिवाळ्यात मावसभावाच्या मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने ग्वाल्हेरला जाणे झाले. लष्कर भागातले ते जुने घर, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच हिंदी, हे सारे आम्हा सीमाभागातल्या माणसांना मुळीच परके वाटत नाही. आपल्याकडे दाराबाहेर कानडी असते, तिकडे हिंदी असते, एवढाच काय तो फरक. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि त्या छावणीवरूनच या वस्तीला 'लष्कर' हे नाव पडले. आज दोनशे वर्षांनंतरही तिथल्या गल्लीत सकाळी एखाद्या घरातून मराठी आरती ऐकू येते.

लग्नघरात पहाटेच जाग येते. मावसभाऊ म्हणाला, "दादा, चला, कंपूच्या मैदानापर्यंत फिरून येऊ. पोरी हॉकी खेळतात, बघण्यासारखं असतं."

कंपूच्या क्रीडासंकुलात मध्य प्रदेश शासनाची महिला हॉकी अकादमी आहे. ती २००६ साली सुरू झाली. धुके पुरते विरले नव्हते. निळ्या कृत्रिम गवतावर पाणी मारलेले, आणि पंचवीसतीस मुली वाकून, चेंडूवर नजर रोवून धावत होत्या. कुणाचा चेहरा मणिपूरकडचा, कुणाचा उत्तर प्रदेशातला, कुणाचा थेट चंबळकाठचा. मणिपूरची सुशीला चानू याच अकादमीत खेळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. १९८० च्या मॉस्कोनंतर तब्बल छत्तीस वर्षांनी आपला महिला संघ ऑलिंपिकला गेला होता. ग्वाल्हेरला याचा अभिमान वाटावा यात नवल नाही. हॉकी या गावाच्या रक्तातच आहे. ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंग ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करात होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यात दहा गोल रूपसिंगांचे होते आणि आठ ध्यानचंदांचे. ज्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा केल्या, त्या मैदानाला नाव आहे ते या हॉकीपटूचे.

मी मात्र त्या पंचवीसतीस मुलींकडे पाहत वेगळाच हिशेब करीत होतो. रिओला गेलेल्या संघात नावे होती सोळा. देशभरात अशी किती मैदाने असतील, त्यांवर पहाटे उठून धावणाऱ्या किती मुली असतील! सोळांच्या यादीसाठी हजारोंनी घाम गाळायचा. मग उरलेल्या त्या कोण? केवळ यादी तयार व्हावी म्हणून लागलेला कच्चा माल?

हा प्रश्न मला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला एक मुलगा नववीत असताना परगावच्या एका क्रीडा वसतिगृहात निवडला गेला. त्याचे वडील हमाली करीत. ते माझ्याकडे विचारायला आले, "सर, पाठवू का?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "पाठवा, गावाचं नाव काढील." शाळेच्या रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिले, 'खेळातील उच्च प्रशिक्षणासाठी'. लिहिताना छाती फुगली होती, हे नाकारत नाही. चार वर्षांनी तो परत आला. निवड चाचणीत नाव आले नव्हते, गुडघा दुखावलेला होता आणि दहावी राहून गेली होती. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी त्याला दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. रजिस्टर उघडले. त्याने तो रकाना वाचला आणि शांतपणे विचारले, "सर, परत आल्याचं कारण लिहायला रकाना नसतो का?"

त्याचा आवाज चढला नव्हता. रागावला असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते.

"त्याने स्वतःच तो मार्ग निवडला होता," असे आपण म्हणतो. पण चौदा वर्षांच्या मुलाची निवड ही कितपत निवड असते? त्याला यशाचे चित्र दाखवले होते. शंभरांतले किती परत येतात हे कुणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते, कारण मला ते ठाऊक नव्हते आणि विचारून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती.

अमेरिकेत बेसबॉलचा खेळ फार मोठा. तिथे ३० मोठे संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार दुय्यम संघ, म्हणजे एकूण १२० संघ, लहानलहान गावांत खेळत असतात. या व्यवस्थेला ते लोक 'फार्म', म्हणजे शेत म्हणतात. पीक वर पाठवायचे, एवढेच शेताचे काम. तिथल्या बहुतेक तरुणांना मोठ्या संघाचे तोंडही दिसत नाही. वर्षानुवर्षे त्यांना हंगामापूर्वीच्या सरावाचे वेतनच मिळत नसे. तो सराव म्हणजे शिक्षण, मग त्याचे पैसे कसले, असा युक्तिवाद होता. अखेर खेळाडू न्यायालयात गेले. २०२२ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेशी पहिला करार झाला. सर्वांत खालच्या पूर्ण हंगामी संघातल्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ११ हजार डॉलरवरून २६ हजारांच्या वर गेले. 'तुम्हाला संधी दिली' हे शब्द पोट भरत नाहीत, एवढे तरी त्या श्रीमंत देशाला मान्य करावे लागले.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने म्हटले आहे की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. आपण सारेच एकमेकांच्या उपयोगी पडतो, त्यात पाप नाही. उपयोग संपल्यावर ज्याच्या हाती काहीच उरत नाही, त्याला आपण केवळ साधन केले, असे मी समजतो.

येथे कुणी ग्वाल्हेरचेच दुसरे उदाहरण देईल. वासुदेवबुवा जोशांकडून ग्वाल्हेरची गायकी घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तानसेन नव्हे तर कानसेन घडवावेत, हा त्यांचा विचार प्रसिद्धच आहे. जो गवई झाला नाही, तो जाणकार श्रोता झाला; त्याचे शिक्षण वाया गेले नाही. हॉकीचेही तसेच नाही का? शिस्त, निरोगी शरीर, संघभावना ही शिदोरी उरतेच.

उरते, हे खरे. पण कानसेनाचे पोट दुसऱ्या कशावर तरी चालत असते. ज्याची दहावीही हुकली, त्याला शिदोरीचे तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार मला नाही.

आणि वाचकहो, हा प्रश्न केवळ मैदानाचा आहे असे समजू नका. आपल्या सीमाभागातल्या शाळा तरी दुसरे काय करतात? आपण मुले घडवतो आणि पुण्याला, मुंबईला, बंगळूरला पाठवतो. जी पोहोचतात त्यांची नावे फलकावर सोनेरी रंगात लिहितो. जी राहतात ती आपलीच दुकाने, शेते आणि ग्रामपंचायती चालवतात, पण त्यांच्यासाठी फलक नसतो. आपणही एक शेतच झालो आहोत, आणि पीक मोजताना फक्त बाजारात गेलेले मोजतो.

म्हणून स्वप्ने दाखवूच नयेत का? मला तसे वाटत नाही. त्या पहाटे धावणाऱ्या मुलींना कुणी 'थांबा' म्हणावे, ही कल्पनाही मला सोसत नाही. बियाणे पेरू नये असे कुणी शहाणा शेतकरी म्हणणार नाही. परंतु पेरणाऱ्यावर तीन कर्तव्ये येतात. किती उगवते हे खरे सांगावे. खेळाबरोबर वहीपुस्तक सुटू देऊ नये. आणि परत येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे. तेही तो मान खाली घालून येईल असे नव्हे.

मैदानावरून निघताना एक मुलगी बाकावर पाय लांब करून बसलेली दिसली. घोट्याला पट्टी होती. मांडीवर उघडे पुस्तक होते, विज्ञानाचे असावे. मावसभाऊ हसून म्हणाला, "बघा दादा, तुमच्याच धंद्यातली दिसते." मला फार बरे वाटले.

गावी परतल्यावर मी ते रजिस्टर पुन्हा काढले. छापील रकाने बदलणे माझ्या हाती नाही. पण शेवटी 'शेरा' म्हणून थोडी जागा असते. त्या मुलाच्या नावापुढे मी तारखेसह लिहिले, 'परत आला. बाहेरून बसून दहावी उत्तीर्ण.'

पहिला रकाना भरला त्याच दिवशी या ओळीची जबाबदारी माझ्यावर आली होती. ती लिहायला मला इतकी वर्षे लागली.