जादाची ट्यूब कोणाची?

मोटारसायकलवर लांबच्या प्रवासाला निघताना सोबत काय घ्यावे, याच्या याद्या मी गेली कित्येक वर्षे करत आलो आहे. पान्हे, पक्कड, प्लग, फ्यूज, पंक्चरचे सामान, क्लचची केबल, काळी टेप, बँडेज, पेट्रोलचा कॅन. यादी कधी पुरी होत नाही. काय काय बिघडू शकते याला अंत नाही, पिशवीला मात्र आहे. म्हणून एकेक वस्तू आत टाकताना वा बाहेर काढताना आपण नकळत एका प्रश्नाचे उत्तर देत असतो: वाटेत अडलो, तर माझा भार कोणी उचलायचा?

मानी माणसाचे उत्तर ठरलेले असते: कोणीही नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण लहानपणीच शिकतो. तिच्यात अडण्याच्या दुःखापेक्षा हात पसरण्याची लाज मोठी आहे. ती लाज टाळण्यासाठी माणूस अर्धे गॅरेज पाठीशी बांधून निघतो. पण गाडीला हा मानीपणा मानवत नाही. मागच्या चाकाच्या आसापलीकडे बांधलेले वजन पुढचे चाक हलके करते, मग हँडल सैल लागते आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते. भीतीपोटी घेतलेले ओझेच भीतीचे नवे कारण होते.

दुसरे उत्तर याच्या उलट: काही नको, लोक चांगले असतात, कोणीतरी थांबतेच. ऐकायला हा माणसांवरचा विश्वास वाटतो. पण मनाली-लेह रस्ता डोळ्यांपुढे आणा. तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी अनेक वर्षे होती. पुढे टांगलांग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे जो आपल्यासाठी तासभर थांबतो, तो आपल्या वाट्याचा दिवसाचा उजेड आणि अंगातली ऊब खर्च करतो. मदतीवर विश्वास असणे वेगळे आणि मदत गृहीत धरणे वेगळे. पंक्चरचे सामानही न घेता निघणारा मोकळेपणाने हिंडतो खरा, पण त्याचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर चढतो.

मला पटलेला मार्ग मी रस्त्याकडेच्या मेकॅनिकांकडे पाहून शोधला. त्यांच्याकडे पान्हे असतात, हवेचा पंप असतो, आणि हातात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कसब असते. नसते ते माझ्या गाडीचे नेमके सामान: तिच्याच मापाची केबल, तिच्या चेनचे लॉक, तिची ट्यूब. तेव्हा जे माझ्याच गाडीचे, ते मी न्यायचे, मग ते मला स्वतःला बसवता येवो न येवो. माझ्यासाठी जो थांबेल, त्याचे हात रिकामे राहू नयेत, एवढीच माझ्या तयारीकडून अपेक्षा.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. वाटेत कोणी अनोळखी अडलेला भेटतो. गाडी माझ्यासारखीच. त्याची ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली आहे, आणि तिथे ठिगळ टिकत नाही. माझ्याजवळ जादाची ट्यूब आहे, एकच. पेट्रोल असते तर दोन लिटर त्याला, तीन मला, असे वाटून घेतले असते. शिदोरी तर वाटण्यासाठीच सोडतात. ट्यूब अर्धी करता येत नाही. ती दिली, तर पुढच्या खिळ्याला मी उघडा.

मला वाटते, द्यावी. माझी अडचण अजून शक्यता आहे, त्याची घडून गेली आहे. ज्या वेळेसाठी ट्यूब जपली ती वेळ आली आहे, फक्त दुसऱ्याच्या चाकावर. तरीही हा नियम मी सरसकट सांगणार नाही. मागे मूल बसले असेल, बर्फ सुरू झाले असेल, तर ती ट्यूब एकट्या माझी उरत नाही. ती देण्याचा अधिकारही मग एकट्या माझा नसतो. अशा वेळी त्याला मागे बसवून पुढच्या वस्तीपर्यंत नेता येईल का, मागे जागा नसली तर निरोप तरी पोचवता येईल का, हे पाहावे. ट्यूब राखून ठेवली म्हणून त्याच्याबद्दलची जबाबदारी संपत नाही.

बँडेजची गोष्ट मात्र निराळी. पडलेल्या माणसाला स्वतःच्या जखमा क्वचितच बांधता येतात. म्हणजे माझे बँडेज एकतर मी दुसऱ्याला बांधणार, नाहीतर दुसरा मला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. कायदा थांबणाऱ्याची भीती कमी करू शकतो. त्याच्या हाती बँडेज देणे माझे काम. म्हणून पान्हे तळाशी, ट्यूब मध्ये आणि बँडेज सर्वांत वर, कप्प्यावर लाल टेपची खूण करून. मला न ओळखणाऱ्या हाताला ते पहिल्याच झटक्यात सापडायला हवे.