नकाराची किंमत कोणी मोजायची?

वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाला 'हे मी करणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार असावा काय? इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ साली महात्मा गांधी स्मृती महाविद्यालय उभे राहिले. येथील किती तरी मराठी घरांतून डॉक्टर बाहेर पडले. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

या देशातील जुना नकार शवविच्छेदनाचा. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेताला शस्त्र लावले, तेव्हा प्रेताचा स्पर्श हाच विटाळ होता. आज आपल्याच ओळखीची माणसे देहदानाचे अर्ज भरतात. यावरून कोणी म्हणेल, की विद्यार्थ्याचा नकार म्हणजे केवळ संस्कारांचा भित्रेपणा. सवयीने तो जातो. आम्हांला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

गर्भपाताचे उदाहरण घ्यावे. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्याने डॉक्टरच्या सदसद्विवेकाला सवलत दिली. मात्र स्त्रीच्या जिवावर बेतले असता ती लागू नाही. आपल्या १९७१ च्या कायद्यात अशी स्वतंत्र तरतूद नाही. एखाद्या विद्यार्थ्याची अहिंसेवरील श्रद्धा आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परंतु अर्धवट गर्भपाताने रक्तस्राव होत असलेली स्त्री त्याच्यापुढे आली आणि तिला वाचविण्याची विद्याच त्याने शिकून घेतलेली नसली, तर त्याच्या श्रद्धेची किंमत ती स्त्री मोजते. त्याने हात आखडावा, पण ज्ञान टाळू नये. आणि दुसरा डॉक्टर जवळ नसेल तर हातही आखडू नये.

याच्या उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची तपासणी' आणि कौमार्याची लक्षणे न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून शास्त्र म्हणून शिकविली जात. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्यांस शास्त्राधार नाही हे चिकाटीने मांडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ही तपासणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरविली. २०१९ साली महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या लक्षणांचा भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. २०२२ साली न्यायालयाने अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. तत्पूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत 'हे मी लिहिणार नाही' म्हटले असते, तर गुण त्याचेच गेले असते. तरी बरोबर तोच असता.

दोन्ही नकारांतला भेद येथे आहे. पहिल्यात विद्यार्थी स्वतःचे मन निर्मळ राखतो आणि भार रुग्णावर पडतो. दुसऱ्यात तो रुग्णाची बाजू घेतो आणि भार स्वतः उचलतो.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीला हा भेद कोणी शिकविला नव्हता. एका सरकारी वॉर्डात एकाच बाईचे पोट दहा जणांनी पाळीपाळीने तपासायचे होते. बाईला कोणी विचारले नव्हते. मुलगी मागे सरली. 'मग शिकणार कशी?' असे तिला विचारण्यात आले. हा प्रश्न खोटा नव्हे. हात माणसाच्या शरीरावरच शिकतो, आणि न शिकलेला हात उद्या कोणाच्या तरी जिवाशी खेळतो. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली, खाटेजवळ बसली आणि तिने परवानगी मागितली. त्या बाईने होकार दिला. शेजारच्या बाईने मान वळविली. मुलगी शिकली, थोडी कमी, थोडी उशिरा.

आपण खासगी रुग्णालयाच्या खोलीत निजतो, तेव्हा विद्यार्थ्यांची रांग आपल्या उशाशी येत नाही. आपल्या मुलांचे हात मात्र गरिबाच्या देहावर तयार होतात. हे ऋण फिटणारे नाही. निदान विचारून घ्यावे. म्हणून घरातले मूल एखाद्या दिवशी वॉर्डातून उदास होऊन परतले, तर 'सवय होईल' असे सांगण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे: तुझ्या नकाराची किंमत कोण मोजणार आहे?