बंद पिशवीतील अमानत

बंधूंनो, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारा दुकानदार मृगाच्या दिवसांत शेतकऱ्याचे अवघे वर्ष हाताळत असतो. धान्य घेणारा मूठभर दाणे पारखून घेतो. बियाण्याची पिशवी मात्र बंद असते. ते उगवले नाही हे कळेपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. म्हणूनच शेतकऱ्याने तुमच्या शब्दावर टाकलेला विश्वास ही अमानत आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला असता आत ओल आढळली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. मुदत संपलेले कीटकनाशक गुपचूप विकणे ही तीच ओली रास होय. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीसोबत नको असलेले औषध गळ्यात मारणेही अन्यायच. व्यापार उभयतांच्या राजीखुशीने व्हावा, ही दिव्य कुरआनची शिकवण आहे.

उधारी लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनने दिला, तसाच तंगीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याचाही. माफ करणे तर अधिक उत्तम. पाऊस रुसला, सोयाबीन हातचे गेले, तर थकबाकीवर रक्कम चढवू नका. ते व्याज आहे. कंपनीचा तगादा तुमच्याही मागे असतो, हे खरे. परंतु अल्लाहसाठी सोडलेले येणे कधीच बुडत नाही.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.