अंतकाळी कुणी कुणाला आठवायचं?

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि माझी नोकरी विसरलेल्या माणसांत आहे. पुण्याजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात मी रुग्णसहायक आहे. तिथे आम्हाला सगळे मावशीच म्हणतात. आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, युरीन बॅग रिकामी करणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. बहुतेक पेशंट डिमेन्शियाचे. इथे आलेलं माणूस सहसा घरी परत जात नाही, शेवट इथेच होतो. त्यामुळे गीतेच्या आठव्या अध्यायातला एक प्रश्न माझ्यासाठी पोथीपुरता राहिलेला नाही. अंतकाळी माझं स्मरण करत जो देह ठेवतो तो मलाच येऊन मिळतो, असं भगवंत तिथे सांगतात. पण ज्याचं स्मरण आधीच गेलं आणि देह मागे राहिला, त्याने काय करायचं?

कीर्तनात याचं उत्तर ठरलेलं असतं. जन्मभर नाम घ्या, जिभेला सवय लावा, म्हणजे शेवटी ते आपोआप येईल. हे खरं होताना मी पाहिलंही आहे. आमच्या एक आजी स्वतःच्या मुलीला “बाई, तुम्ही कुठल्या?” असं विचारायच्या. हातातल्या चमच्याचं काय करायचं तेही त्यांना उमगत नसे. आमच्याकडे संध्याकाळ फार अवघड जाते. दिवस कलला की पेशंट बेचैन होतात, “घरी जायचंय” म्हणत दाराशी येऊन उभे राहतात. अशा गोंधळात हरिपाठ लावला की आजींची टाळी नेमकी तालावर पडायची. एकदाही चुकायची नाही.

मग एक आजोबा आले. शाळामास्तर होते. आळंदीहून पंढरपूरला वर्षानुवर्षं पायी गेलेले. हरिपाठ लागला तरी त्यांची मान वळत नसे. पाठ पुसायला घेतली की मात्र तोंडातून अशा शिव्या बाहेर पडायच्या की नवीन मुली रडत बाहेर जायच्या. एका रविवारी त्यांचा मुलगा दारात उभा राहून ते सगळं ऐकत होता. मला म्हणाला, “मावशी, या माणसाने आम्हाला जन्मात कधी ‘गाढवा’सुद्धा म्हटलं नाही हो. एवढं नाम घेतलं, ते गेलं कुठे?” मी त्याला डॉक्टरांनी शिकवलेलं सांगितलं, “दादा, मेंदूचा पुढचा भाग सुकत गेला की बोलण्यावरचा ताबा सुटतो. त्या शिव्या बाबांच्या नाहीत, आजाराच्या आहेत.” त्याने मान हलवली. पण त्याने मेंदूचं विचारलंच नव्हतं, नामाचं विचारलं होतं.

सवयीचं उत्तर इथे निर्दय होतं. आजींचा तालाचा भाग शाबूत राहिला म्हणून त्या तरल्या आणि मास्तरांचा दुसरा भाग आधी गेला म्हणून ते बुडाले, असा देवाचा हिशेब असेल हे मला कधीच पटलं नाही.

मला जे उत्तर सापडलं ते त्याच अध्यायावर ज्ञानोबांनी लिहिलेलं आहे. पारायणात त्या ओव्या अनेकदा डोळ्यांखालून गेल्या होत्या, पण नाइट ड्युटीवरून आल्यावर एका सकाळी वाचताना मी तिथे थांबले. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सांगितलेली ही गोष्ट. भक्ताने शेवटी आठवायचं आणि मगच मी धावायचं, तर त्याने जन्मभर केलेल्या भक्तीला अर्थ काय, असं देव स्वतःच विचारतो. अडलेल्या कुणाही गरिबाने हाक मारली तरी मी जातोच, मग भक्ताचीही तीच गत का? उलट त्याचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते फेडायला त्याचा देह सुटताना त्याची शुश्रूषा मी करतो, विकल देहाचा वारा त्याला लागू नये म्हणून जपतो. थोडक्यात, शेवटी आठवण ठेवायचं काम पेशंटचं नाही.

तेव्हापासून कूस बदलताना मी वेगळ्या मनाने उभी असते. आधी सांगायचं, “मास्तर, वळवते हं डावीकडे.” गुडघे दुमडायचे, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि ओढायचं नाही, वळवायचं. मग माकडहाड बघायचं. लाल ठिपका बोटाने दाबला की क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल व्हायला हवा. लालच राहिला तर आत जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने ऊब तपासायची. हे मी पगार घेऊन करते आणि पगाराची मला लाज नाही. फक्त हे काम देवाने स्वतःच्या अंगावर घेतलंय असं ज्ञानोबा सांगतात, एवढं मला ठाऊक आहे.

शेवटच्या दिवसांत कितीतरी जण “आई” अशी हाक मारतात. नव्वदीतले आजोबासुद्धा. अजामिळाने मरताना आपल्या नारायण नावाच्या मुलाला बोलावलं होतं आणि देवाने ते मोजलं, असं भागवत सांगतं. मग आईला मारलेली हाक कशी वाया जाईल?

एक गोष्ट मात्र ज्ञानोबांच्या त्या ओव्यांतून मला मिळाली नाही. मास्तरांच्या शेजारच्या खाटेवर एक काका होते. गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये आयुष्य घालवलेले आणि देव न मानणारे. शुद्ध होती तोवर त्यांनी प्रसाद नम्रपणे नाकारला. त्या ओव्या भक्ताबद्दल आहेत आणि काका भक्त नव्हते. मी एका कीर्तनकार बुवांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांच्या जन्माचं त्यांच्यापाशी. मला हे मान्य नाही. माझ्या चार्टवर दोन्ही खाटांना दोन-दोन तासांची एकच वेळ होती, आणि काकांचं माकडहाडही मी तितकंच निरखून बघत होते. जी शुश्रूषा मला खाट बघून करता येत नाही ती देव माळ बघून करत असेल, असं मी मानणार नाही. बुवांना मी तसं तोंडावर सांगितलं.